वळिवड्याच्या बराकी

दसरा-दिवाळी उलटली, म्हणजे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात उमापूर व त्याच्या आसपासच्या गावांतून भरलेली वाहने बाहेर पडू लागतात. भांडीकुंडी, बाजरीची पोती, पांघरुणांची गाठोडी, कोंबड्यांचे डालगे आणि ह्या सर्वांच्या वर दाटीवाटीने बसलेली मुले, असा सारा संसार ऊसतोडीसाठी निघालेला असतो. कोणी सांगलीकडे जातो, कोणी कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. कारखान्याने दाखवलेल्या माळावर मुकादम टोळी उतरवतो. पहिल्या रात्री तीन दगडांची चूल उघड्यावरच पेटते. दुसऱ्या दिवशी बांबू वाकवून, त्यांवर चटई आणि ताडपत्री टाकून कोपी उभी केली जाते.

कोपी उभी राहिली, की पावसावाऱ्यापासून आडोसा झाला; परंतु घर झाले असे म्हणता येईल काय? घरातली बाई अगोदर पाणी कोठे आहे ते विचारते. मग पिठाची गिरणी किती लांब, दुकानदार उधार देतो की नाही, रात्री मूल तापाने फणफणले तर कोणाचे दार ठोठवायचे, हे प्रश्न येतात. आणि तुमच्याएवढ्या मुलापुढे आणखी एक प्रश्न असतो. गावातल्या शाळेत आपल्या नावापुढे आता गैरहजेरी लागत असेल. मग इकडे आपली शाळा कोणती? म्हणून तर काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या आणि काही गावांतून मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे उघडण्यात आली.

तरीही ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या मनाला एक मोठा आधार असतो. उन्हाळा तापू लागला, कारखान्याचा पट्टा पडला, की आपण गावी परतणार, हे त्याला ठाऊक असते. गावात त्याचे घर आहे, शिवार आहे, देवळापुढचा पार आहे. ज्याला परत जाण्यासाठी गावच उरलेले नाही, तो माणूस निराळा. त्याला आपण निर्वासित म्हणतो. वास म्हणजे राहणे. राहत्या जागेतून ज्याला बाहेर पडणे भाग पडले तो निर्वासित.

मराठवाड्याला हे दुःख केवळ ऐकून माहीत आहे असे नाही. 1947 साली देश स्वतंत्र झाला, तरी आपला भाग हैदराबादच्या निजामी राज्यातच अडकून पडला होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी ते राज्य संपुष्टात आले. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या जाचाला कंटाळून अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत आश्रयाला गेली. आज गेवराई आणि शेवगाव ह्या दोन तालुक्यांमधील शीव ओलांडताना कोणाच्या ध्यानातही येत नाही, की एके काळी ही दोन राज्यांची हद्द होती. त्या कुटुंबांना पलीकडेही मराठी बोलणारी माणसे भेटली, कित्येकांना सोयरेधायरे भेटले, आणि काही महिन्यांनी परतीची वाटही मोकळी झाली.

भाषा वेगळी, धर्म वेगळा, अन्न वेगळे, हवा वेगळी, आणि परतीची वाट बंद. अशा स्थितीत कोणी आपल्या दारी आले तर त्यांना कसे वसवावे? ह्याचे एक उत्तर ऊसतोड्यांच्या त्याच वाटेवर, कोल्हापूरजवळ सापडते. कोल्हापूरहून मिरजेकडे आगगाडी निघाली, की थोड्याच वेळात वळिवडे हे लहानसे स्थानक लागते. ह्या गावाच्या माळावर गेल्या शतकात पाच-सहा वर्षांच्या अंतराने दोन समाज येऊन उतरले. एक आला हजारो मैलांवरच्या पोलंड देशातून आणि दुसरा आला सिंधमधून. दोघांनाही आश्रय दिला तो त्याच बराकींनी.

पोलंड हा युरोपातील देश. त्याच्या पश्चिमेला जर्मनी आणि पूर्वेला त्या काळचा सोव्हिएत रशिया, असे दोन बलाढ्य शेजारी होते. 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले. त्याच महिन्याच्या 17 तारखेला रशियाच्या फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणा सापडावा, तशी त्या देशाची गत झाली. पुढच्या वर्षी, 1940 च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधील कुटुंबांच्या दारांवर मध्यरात्री थापा पडू लागल्या. हाताला लागेल ते सामान घेऊन निघा, एवढाच हुकूम. मालगाडीच्या डब्यांत कोंबून त्यांना उत्तर रशियात, सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आले. तेथे जंगले तोडण्याचे आणि शेतांवर राबण्याचे काम त्यांच्या माथी आले. भुकेने आणि तापाने कित्येक माणसे तेथेच संपली.

1941 च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा राजकारणाचे पारडे फिरले. रशिया व पोलंड ह्यांच्यात करार झाला आणि ह्या हद्दपार लोकांना मोकळीक मिळाली. सेनापती आंदर्स ह्यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. सैनिकांच्या मागोमाग त्यांच्या बायका, मुले आणि पोरकी झालेली पोरे दक्षिणेची वाट धरून निघाली. 1942 साली कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणच्या किनाऱ्यावर उतरले. सैनिक तेथून लढाईवर गेले. उरलेल्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. एवढ्या लोकांना एकाच देशाने सांभाळणे शक्य नव्हते. म्हणून कोणाला पूर्व आफ्रिकेत, कोणाला न्यूझीलंडमध्ये, कोणाला मेक्सिकोत आणि कोणाला हिंदुस्थानात पाठवण्याचे ठरले.

आपल्या देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. युद्धामुळे धान्य, कापड, रॉकेल, सर्वांचीच टंचाई होती. 1943 साली तर बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. अशा दिवसांत परक्या लोकांसाठी जागा देणे ही सोपी गोष्ट नव्हती. काठेवाडातील नवानगर संस्थानाचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी 1942 साली आपल्या राज्यात बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला. त्यांतील बरीच मुले आईबापांविना होती. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे ‘भल्या महाराजां’च्या नावाने एक चौक आहे, तो ह्याच जामसाहेबांचा. त्यापेक्षा मोठी, संपूर्ण कुटुंबांसाठीची वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे 1943 साली उभी राहिली.

जागा निवडताना काय काय पाहिले जाते, हे वळिवड्याकडे बघितले म्हणजे कळते. आगगाडीचे स्थानक लागूनच असल्यामुळे माणसे आणि सामान उतरवणे सोपे. पंचगंगा नदी जवळ असल्याने पाण्याची ददात नाही. कोल्हापूरसारखे मोठे शहर हाकेच्या अंतरावर असल्याने बाजार आणि कारागीर हाताशी. शिवाय हवा सौम्य. सैबेरियातील हिमाने आणि इराणमधील प्रवासाने खंगलेल्या मुलांना ही हवा मानवण्याजोगी होती.

माळावर बराकींच्या लांबच लांब ओळी उभ्या राहिल्या आणि सुमारे 5,000 लोक त्यांत राहू लागले. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. कर्ते पुरुष दूर रणांगणावर. बराक म्हटली म्हणजे सैनिकांच्या निवाऱ्यासारखे एकच लांबलचक दालन डोळ्यांपुढे येते. येथे मात्र प्रत्येक बराकीचे भाग पाडून कुटुंबाकुटुंबाला स्वतंत्र खोल्या दिल्या होत्या. पुढे लहानसा व्हरांडा होता आणि स्वयंपाकाला वेगळी जागा होती. दाराला आतून कडी लावता येत होती. ही फार क्षुल्लक बाब वाटेल. पण दोन-तीन वर्षे मालगाडीत, छावणीत आणि तंबूत शंभर अनोळखी माणसांच्या नजरेपुढे झोपलेल्या बाईला विचारले असते, तर तिने सर्वांत आधी त्या कडीचाच उल्लेख केला असता असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अन्नाची. हजारो माणसांना पंगतीला बसवून वाढणे हा छावणी चालवणाऱ्याला सोयीचा मार्ग असतो. एकच भटारखाना, एकच डाव, हातात ताट घेऊन लांब रांग. वळिवड्यास तसे केले नाही. कुटुंबांना खर्चासाठी ठरावीक रक्कम मिळे. त्यांनी बाजारातून जिन्नस आणावे आणि आपली चूल आपण पेटवावी. खर्चाचा भार लंडनमध्ये आश्रय घेतलेले पोलंडचे सरकार वाहत होते. आज काय शिजवायचे हे ठरवण्याचा अधिकार आईच्या हाती परत आला. ज्याचे सर्व काही हिरावले गेले आहे, त्याला आज भाजी कोणती करू हा प्रश्नसुद्धा आपल्या माणूसपणाची खूण वाटतो.

ह्या बाजारामुळे आणखी एक गोष्ट घडली. कोल्हापूर भागातील दुकानदार, भाजीवाल्या, दूधवाले आणि शिंपी छावणीत येऊ-जाऊ लागले. सुरुवातीला खुणांची भाषा. बोटे दाखवून भाव सांगायचा, मान हलवून नाही म्हणायचे. पुढे गोऱ्या मुलांच्या तोंडी मराठी शब्द आले आणि विक्रेत्यांनी पोलिश आकडे पाठ केले. व्याकरण शिकवायला कोणी गुरुजी नव्हते. घेणे-देणे हाच त्यांचा गुरू.

छावणीचा कारभारही पोलिश लोकांकडेच होता. तेथे त्यांचे कार्यालय होते, रुग्णालय होते, देऊळ, म्हणजे त्यांचे ख्रिस्तमंदिर होते, सहकारी दुकान होते. नाटके होत, खेळांचे सामने होत, बालवीरांची पथके होती. परंतु ह्या साऱ्यांपेक्षा महत्त्वाच्या होत्या त्या शाळा. लहान मुलांसाठी प्राथमिक शाळा निघाल्या, मोठ्यांसाठी माध्यमिक विद्यालय निघाले, हातचे काम शिकवणारे वर्गही भरू लागले. मधली तीन वर्षे बुडालेली! कित्येक मुलांना दुसरीतले वाचता येत नव्हते, कारण दुसरीच्या वयात ती सैबेरियात लाकडे गोळा करत होती. पुस्तके मिळणे कठीण होते. पोलंडमध्ये तर जर्मनांनी मोठमोठ्या शाळा बंद पाडल्या होत्या. तेव्हा पोलिश पाठ्यपुस्तके जेरुसलेमसारख्या दूरच्या शहरात छापली जात होती. एका बाजूला नांगरलेली काळी जमीन, दुसऱ्या बाजूला नदीकाठचे उसाचे फड, आणि मधल्या बराकीत एक शिक्षिका फळ्यावर पोलंडच्या नद्यांची नावे लिहिते आहे, असे ते दृश्य होते. बाहेर जून महिन्यातला पाऊस कौलांवर वाजत असेल. वर्गातील लहान मुलांना त्या नद्या आठवतही नसतील.

दाराजवळच्या मातीत बायकांनी फुलझाडे लावली. येथे थोडे थांबून विचार करा. ज्याला उद्या परत जायचे आहे तो आज झाड कशाला लावील? आणि ज्याला परत जायचेच नाही तो मुलांना दूरच्या नद्यांची नावे कशाला शिकवील? वळिवड्याच्या लोकांनी दोन्ही केले. रोजच्या दिवसापुरते ते कोल्हापूरचे झाले आणि वर्षांच्या हिशेबाने पोलंडचेच राहिले.

1945 साली महायुद्ध संपले. जगभर आनंदोत्सव झाले. वळिवड्यात मात्र संमिश्र बातमी आली. विजयी राष्ट्रांनी युरोपच्या नकाशावर नव्या रेषा ओढल्या होत्या आणि पूर्व पोलंडचा मोठा मुलूख सोव्हिएत रशियाकडे गेला होता. छावणीतील बहुतेकांची गावे नेमकी त्याच मुलखात होती. ज्या घराची आठवण उराशी धरून मंडळी पाच वर्षे वाट पाहत होती, ते घर जागच्या जागी असूनही आता दुसऱ्या देशात गेले होते. शिवाय ज्या लंडनमधील सरकारकडून खर्च चालत होता, त्याची मान्यताही बड्या राष्ट्रांनी काढून घेतली. मग संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य संस्थेने छावणीचा भार उचलला. 1946 साली बालाचडीची मुलेही येथे आणण्यात आली.

पुढे एकेक कुटुंब हलू लागले. ज्यांचे पुरुष ब्रिटिश फौजेबरोबर लढले होते, त्यांपैकी पुष्कळांना इंग्लंडने जागा दिली. कोणी ऑस्ट्रेलियात गेले, कोणी कॅनडात, कोणी अमेरिकेत. काही जण बदललेल्या पोलंडमध्येच परतले. 1948 साली छावणी मिटली. मागे राहिल्या त्या कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतील काही कबरी. येथवर येऊन पोहोचलेल्या, पण पुढे न जाऊ शकलेल्या लोकांच्या त्या आहेत. आणि राहिल्या रिकाम्या बराकी.

त्या फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत.

1947 च्या ऑगस्टमध्ये आपला देश स्वतंत्र झाला आणि त्याच वेळी त्याची फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल हे प्रांत दोन देशांत विभागले गेले. सिंध मात्र सबंधच्या सबंध पाकिस्तानात गेला. ह्यातील फरक ध्यानात घ्या. पश्चिम पंजाबातून निघालेल्या माणसाला निदान पूर्व पंजाब होता. तेथे त्याची भाषा बोलली जात होती. सिंधी हिंदूंसाठी असा कोणताच प्रांत उरला नाही. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबलेल्या लोकांचाही धीर सुटला. बोटींतून आणि आगगाड्यांतून लाखो माणसे भारतात आली. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या ह्या लोकांना तातडीने छप्पर हवे होते. नवी घरे बांधायला वर्षे लागतात. म्हणून महायुद्धात उभारलेल्या आणि आता ओस पडलेल्या लष्करी छावण्या सरकारने उघडल्या.

सर्वांत मोठी छावणी कल्याणजवळ होती. उल्हास नदीच्या परिसरातील त्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी लोक येऊन राहिले. येथे कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्या नव्हत्या. मोठ्या दालनात गोणपाटाचे वा जुन्या चादरींचे पडदे बांधून घरे पाडली गेली. पडद्याअलीकडे एक घर, पलीकडे दुसरे. एका घरातले भांडण, दुसऱ्याचे आजारपण आणि तिसऱ्यातील मुलाचे पाढे सर्वांच्या कानांवर. काल कराचीत ज्यांची पेढी होती ते आज पाण्याच्या नळापाशी बादली घेऊन उभे होते. 8 ऑगस्ट 1949 रोजी भारताचे गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनी तेथे नव्या नगराची कोनशिला बसवली आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. परंतु लोकांच्या तोंडी छावणीचे क्रमांक इतके रुळले होते, की त्या शहरातील भाग आजही कॅम्प एक, कॅम्प दोन अशाच नावांनी ओळखले जातात.

वळिवड्याच्या बराकींतही सिंधी कुटुंबे आली. पोलिश बायकांनी ज्या व्हरांड्यांत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या होत्या, त्याच जागी आता पापड वाळू लागले. ह्या वसाहतीला गांधीनगर असे नाव पडले. जागा तीच, भिंती त्याच. पण प्रश्न मात्र बदलला होता. पोलिश लोकांना परतीपर्यंतचा काळ काढायचा होता. सिंधी लोकांना परतायचेच नव्हते. त्यांना घर हवे होते ते भाड्याचे वा मेहेरबानीचे नव्हे, तर नावावर असलेले. आणि काम हवे होते ते मुलाबाळांना पुरून उरेल असे. घर म्हणजे नुसते छप्पर नव्हे, सरकारदप्तरी लिहिलेला पत्ताही असतो. पत्ता असल्याशिवाय शिधापत्रिका मिळत नाही, शाळेत नाव घालताना अडते, पत्र येत नाही, हरवलेला भाऊ शोधत आला तर त्याला सापडत नाही. सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेबद्दल काहीतरी भरपाई मिळावी म्हणून लोकांनी अर्ज केले. त्यासाठी 1954 साली कायदा झाला. अनेकांच्या बाबतीत ह्या कागदांची वाट पाहण्यात वर्षे गेली.

तोवर हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नव्हते. ‘आम्हांला शरणार्थी म्हणू नका, आम्ही पुरुषार्थी आहोत,’ असे त्या काळी हे लोक सांगत. भांडवल नव्हते, शेत नव्हते; जवळ होती ती व्यापाराची पिढीजात समज. बायका घरी पापड लाटत, पुरुष खांद्यावर कापडाचे गठ्ठे टाकून गावोगाव हिंडत, मुले आगगाडीत गोळ्या-बिस्किटे विकत. नफा थोडा घ्यावा आणि माल लवकर खपवावा, ही त्यांची रीत. ह्या रीतीमुळे जुन्या दुकानदारांशी त्यांची चढाओढ झाली आणि कपाळाला आठ्याही पडल्या. नवे लोक वसतात तेव्हा शेजार लगेच गोड होतोच असे नाही. पाण्याच्या पाळीवरून, दुकानाच्या जागेवरून, बोलण्याच्या ढंगावरून खटके उडतात. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण गिऱ्हाइकाला स्वस्त आणि चांगले कापड मिळाले, की ते पुन्हा त्याच दुकानी येते. दहा वेळा आल्यावर दुकानदाराच्या घरची खुशाली विचारते. वळिवड्याच्या बाजारात पोलिश मुले मराठी शिकली, तशीच गांधीनगरच्या दुकानांतून सिंधी मुले मराठी शिकली. ह्यांना मात्र ती जन्मभरासाठी शिकायची होती.

शाळांच्या बाबतीत ह्या समाजानेही वेळ दवडला नाही. सिंधमध्ये हैदराबाद नावाचे शहर आहे. आपण मराठवाड्याचे लोक हैदराबाद म्हटले की दक्षिणेकडे पाहतो, पण हे निराळे. तेथील महाविद्यालयाचे प्राचार्य के. एम. कुंदनानी फाळणीनंतर मुंबईस आले. बॅरिस्टर होतचंद अडवाणी ह्यांच्यासह त्यांनी 1949 साली नवी शिक्षणसंस्था काढली आणि वांद्रे येथे नॅशनल कॉलेज सुरू केले. हैदराबादच्या महाविद्यालयाला ज्या थोर पुरुषाचे, दयाराम गिडुमल ह्यांचे, नाव होते तेच ह्याही महाविद्यालयाला देण्यात आले. इमारत तिकडे राहिली, ग्रंथ तिकडे राहिले. नाव तेवढे समुद्र ओलांडून आले. ज्या भाषेला भारतात स्वतःचा प्रांत नाही त्या सिंधीला 1967 साली आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. नकाशावर जिला एक बोटभर जागा नव्हती, तिला अशा रीतीने घटनेच्या पानावर जागा मिळाली.

इकडे वळिवड्याहून गेलेली पोलिश मुले जगाच्या चारी दिशांना मोठी झाली, म्हातारी झाली. त्यांनी आपला एक संघ काढला आणि भारतातील दिवसांच्या आठवणी गोळा करून पुस्तकरूपाने छापल्या. त्यांच्यापैकी काही जण पुढे कोल्हापूरला येऊन आपली बराक कोठे होती ते शोधून गेले. कोल्हापुरातील महावीर उद्यानाजवळ त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. 2017 साली वॉर्सा शहरातही कोल्हापूरचे नाव असलेले एक स्मारक उभारण्यात आले; 2024 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन पुष्पांजली वाहिली. पोलंडच्या राजधानीत, आपल्या पंचगंगेकाठच्या एका गावाचे नाव दगडावर कोरलेले आहे, आणि ते वाचणाऱ्या तेथल्या शाळकरी मुलाला त्याचा उच्चार करताना बहुधा जीभ अडखळत असेल.

गांधीनगरात आज बराकींची जागा दुकानांच्या गल्ल्यांनी घेतली आहे. ही कापडाची मोठी घाऊक पेठ झाली आहे. दक्षिण महाराष्ट्रातून, कोकणातून आणि पलीकडे कर्नाटकातून व्यापारी येथे माल घ्यायला येतात. सणाच्या आधी तर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. पंचगंगेच्या काठी उसाचे फड अजूनही तसेच उभे राहतात आणि हंगामात त्यांच्या कडेला कोप्या उठतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडला, हिशेब झाला, की मुकादम टोळीला परतीचे वाहन सांगतो. त्या वाहनात, भांड्यांच्या आणि गाठोड्यांच्या मध्ये, लेकीसाठी घेतलेला एखादा नवा परकर-पोलका जपून ठेवलेला असतो. त्याचे कापड गांधीनगरच्या एखाद्या गल्लीतून, एका माणसाच्या दुकानातून आलेले असेलही; आणि त्या माणसाच्या आजोबांनी कराची सोडताना खांद्यावर एवढेच एक गाठोडे घेतलेले असेल.